लाल चिंधीची भाजी

तारोडीत मार्सेलिनला कुणी मार्सेलिन म्हणत नसे. म्हातारे तिला मारसू म्हणत, पोरं मारसूमावशी म्हणत, आणि तिची पाठ वळली की सगळा गाव तिला मिरची म्हणे. तिला राग लवकर यायचा आणि आलेला राग ती गिळायची नाही. राग म्हणजे काय ताडी हाय गिळायला, असं ती विचारायची, आणि विचारताना समोरच्याकडे असं बघायची की त्याने गुमान वाट धरावी. तिचा नवरा बस्त्याव मात्र गरीब गाय. घरात आवाज चढला की हा पडवीत जाऊन जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर ओढून बसायचा. जाळं फाटलेलं नसलं तरी बसायचा.

आता ह्या बाईला तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा राग आला तो एका पालेभाजीपायी आला, हे सांगितलं तर कुणी हसेल. हसू दे. ज्याने कधी काही वाढवलं नाही त्याला हसायला काय जातं.

बस्त्याव तरुणपणी देवळालीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे कुक होता. चौतीस साली साहेब विलायतेला परत गेला आणि बस्त्याव दुखरा गुडघा घेऊन गावी आला. सोबत एक पत्र्याची ट्रंक, साहेबाचा एक जुना कोट आणि कागदाच्या पुडीत मूठभर बी. साहेबाच्या बागेतली भाजी होती ती. दिसायला पालकाची थोरली बहीण, पान ताटाएवढं, आणि देठ अंगठ्याएवढा जाड, कुठे पांढरा, कुठे पिवळा, कुठे लालभडक. साहेब तिला चार्ड म्हणायचा. तारोडीत ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. मारसूने सुक्या जवळ्यात तिचे देठ घालून पहिल्यांदा कालवण केलं, तेव्हापासून ती लाल देठाची भाजी झाली.

पण ती थंड हवेतली लाडावलेली भाजी. समुद्राचा खारा वारा लागला की पानं करपायची, पावसात मुळाशी कुजायची, आणि फुलायचं तर नावच नाही. फूल नाही तर बी नाही, आणि पुडीतलं बी किती दिवस पुरणार. दोन वर्षांत पुडी संपत आली. तिसऱ्या वर्षी कुंपणाजवळ एक लाल देठाचं झाड उभं राहिलं, आणि कुणास ठाऊक काय मनात आलं त्याच्या, त्याने माघात उंच दांडा काढला. कुंपणापलीकडे कृष्णाबाई कोळणीचा पालक तेव्हा फुलला होता. वाऱ्याने त्याच्या फुलांची धूळ ह्याच्यावर आणली. त्या एका झाडाचं बी मारसूने ओच्यात गोळा केलं आणि तिथून तिचा हट्ट सुरू झाला.

पुढच्या साली त्या बियाची जी रोपं आली त्यांत अर्धी पालकावर गेली, काही कडू निघाली, काही दोन पानांवरच बसली. पण थोडी अशी होती की देठ लाल, पान मोठं, आणि खारा वारा सोसून उभी. मारसूने बाकीची सगळी उपटून डुकरांना घातली. तिच्या सासूने तोंडाला पदर लावला, चांगली भाजी डुकरांना घालते म्हणून. घालणार, मारसू म्हणाली, कडूचं बी धरलं तर पुढल्या साली सगळंच कडू खाल. दर वर्षी ती असंच करायची. बी म्हणजे खडबडीत गाठ असते, एका गाठीतून दोन-तीन कोंब येतात. ती सगळ्यांत जोमदार तेवढा ठेवायची आणि बाकीचे चिमटीने काढायची. माघ लागायच्या आधी ती कुंपणापाशी जाऊन कृष्णाबाईला हाक मारायची. कृष्णाबाई तोंडाची मारसूच्याच तोडीची. "येते गं बाय," ती म्हणायची, "तुझ्या भाजीचं लगीन लागायच्या आत माझ्या पालकाची मुंडी उडवते. नायतर सोयरीक माझ्या गळ्यात पडंल." आणि खरंच कोयता घेऊन फुलायला आलेला पालक कापायची. तेवढं एक माणूस गावात शहाणं होतं.

घरच्यांचं काय सांगावं. सगळा त्रास घरच्यांचा. त्यांचा एकच हिशोब, चांगलं असेल ते आज ताटात, आणि उरलंसुरलं, वाळकं, किडकं असेल ते बियाला. पाहुणा आला, कापा सगळ्यात मोठं झाड. पाद्री जेवायला आले, कापा त्याच्या शेजारचं. मारसू भिंतीवर डोकं आपटायची तेवढी बाकी राहायची. ज्या झाडाचं बी धरायचं तेच पोटात गेलं तर धरायचं काय, माती? आणि ह्या सगळ्यांत पुढे तिचा मोठा दीर पास्कू. गावात कोंफ्रारी होती, सणाच्या मिरवणुकीत पिवळ्या किनारीचे लाल झगे घालून पुढे चालणारी पुरुषमंडळी. पास्कू तिचा पुढारी. आवाज असा की समुद्रावरच्या माणसालाही ऐकू जावा. रविवारी देवळातली मिसा आटोपली की हा तसाच झगा खांद्यावर टाकून भावाच्या वाडीत यायचा, कोयत्याने सगळ्यात सुंदर झाड मुळापासून छाटायचा आणि म्हणायचा, "मारसू, आज जवळा घाल." मोठा दीर. त्याला काय बोलणार. म्हणजे बोलायची ती, पण तो हसायचा, आणि हसण्यापुढे राग फुकट जातो.

अडतीस साली मारसूने डोकं लढवलं.

तारोडीत रीत अशी होती की जी वस्तू गावच्या क्रूसाला नवसाची बोलली, तिला लाल चिंधी बांधायची. नारळाच्या झाडाला बांधा, केळीच्या घडाला बांधा, कोंबड्याच्या पायाला बांधा. चिंधी बांधली की ती वस्तू देवाची. मग उपाशी माणूसही तिला हात लावत नसे. मारसूने जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि वाफ्यातल्या सगळ्यात चांगल्या झाडांना बांधल्या. नवस नाही, बोलणं नाही, काही नाही. नुसती चिंधी. रविवारी पास्कू आला, कोयता उचलला, चिंधी बघितली आणि दुसऱ्या झाडाकडे वळला. मारसू चुलीपाशी बसून एकटीच हसली. बस्त्यावने एकदा विचारलं, "कसला नवस हाय गं?" ती म्हणाली, "तुझ्या गुडघ्याचा." बस्त्याव खूष झाला. पुढे त्याने परत विचारलं नाही.

चिंधीने पाच वर्षं राखण केली. त्या पाच वर्षांत भाजीने असं रूप घेतलं की उत्तनच्या बाया मुद्दाम बघायला यायच्या. देठ डाळिंबासारखे लाल, पान जाड आणि गोड, खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारं, आणि वेळ आली की माघात बिनबोभाट फुलणारं. ही भाजी साहेबाकडेही नव्हती आणि कृष्णाबाईकडेही नव्हती. ती जगात एकाच वाफ्यात होती.

त्रेचाळीस सालच्या मे महिन्यात मारसूची बहीण आयरिन मनोरीला बाळंत झाली. मारसूला जावं लागलं. वाफ्यात बियाचे दांडे पुरुषभर उंच उभे होते, खालच्या गाठी तपकिरी व्हायला लागल्या होत्या, वरच्या अजून हिरव्या. मागल्या सालचं उरलेलं बी मडक्यात ओल शिरून बुरशीने गेलं होतं, तेव्हा जे काही होतं ते ह्या दांड्यांवर. तिने बस्त्यावला वाफ्यापाशी उभं करून सांगितलं, "हे सगळे तपकिरी होऊ दे. मी येईपर्यंत कुणी हात लावायचा न्हाय." बस्त्यावने मान डोलावली. त्याची मान डोलायलाच केलेली होती.

ती परत आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. वाफा मोकळा. जमिनीलगत कोयत्याने छाटलेले बुंधे, आणि बाकी काही नाही. बस्त्याव पडवीत जाळं घेऊन बसला होता, तेव्हाच ती समजली.

"कुणी?"

"पास्कूदादा," बस्त्याव जाळ्याकडे बघत म्हणाला. "लदीन हाय ना आज क्रूसाकडे. सगळीकडचे नवस गोळा करत होता. चिंध्या बांधलेल्या होत्या. मला वाटलं तू बोललीस. माझ्या गुडघ्याचा."

  मारसूने हातातलं गाठोडं तिथेच टाकलं आणि ती क्रूसाकडे निघाली.

मे महिन्यात गावच्या क्रूसापुढे लदीन व्हायची, म्हणजे सगळा गाव जमून सुरात प्रार्थना म्हणायचा, आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जायचे. क्रूसाचा दगडी ओटा झावळ्यांनी, फुलांनी सजवलेला होता. आणि झावळ्यांच्या वर, क्रूसाच्या दोन्ही हातांना, मारसूचे लाल दांडे सुतळीने आवळून बांधले होते. लोक म्हणत होते, ह्या वर्षी सजावट काय झालीय बघा. चिमण्या आत्ताच खालच्या गाठी टिपत होत्या.

पास्कू लाल झग्यात पुढे उभा राहून सूर देत होता. मारसू गर्दीतून सरळ ओट्यापर्यंत गेली. सूर आपोआप तुटला.

"भावजी, हे दांडे कुणी कापले?"

"मी," पास्कू म्हणाला. "तुझ्या नवसाचे हायत. तू गावात न्हवतीस म्हणून मी आणून चढवले. उपकार मान."

"नवस कोण बोललं?"

"चिंधी बोलली. सगळ्या गावाने बघितली हाय."

आता इथे शहाणी बाई गप्प बसली असती. खोटी चिंधी बांधली हे सगळ्या गावासमोर, तेही क्रूसापुढे, कबूल करायचं म्हणजे जन्मभराची लाज. आणि गप्प बसावं तर बी गेलं. सात वर्षांचं निवडणं, उपटणं, डुकरांना घालणं, सगळं त्या सुतळीत बांधलेलं. मारसूने क्षणभर बघितलं ते फक्त चिमण्यांकडे.

"ती चिंधी मी क्रूसाला न्हवती बांधली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पास्कूच्या आवाजापेक्षा लांब गेला. "ती तुमच्या तोंडाला बांधली होती. बियाचं झाड तुमच्या पोटात जाऊ नये म्हणून. नवस-बिवस काय न्हाय."

गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. पास्कूचा चेहरा झग्याच्या रंगाचा झाला.

"म्हणजे पाच वर्सं देवाचं नाव पुढं करून तू भाजी राखलीस."

"राखली. देवाला राग आला असता तर ती उगवली नसती. राग तुम्हाला आलाय."

"क्रूसाला चढलेलं खाली उतरत न्हाय, मारसू."

"दांडे राहू द्या वर. मला बी पाहिजे."

आणि ती ओट्यावर चढली. लुगड्याचा ओचा एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने दांडे वरून खाली ओरबाडायला लागली. गाठी कोरड्या आणि टोकदार, तळहात सोलून निघाला. पास्कू दोन पावलं पुढे आला आणि थांबला, कारण भावजयीचा हात धरायचा कसा. सगळा गाव बघत राहिला. कुणीतरी मागून पुन्हा सूर धरला आणि लोक बिचकत बिचकत प्रार्थना म्हणू लागले. मारसूही म्हणू लागली. ओरबाडत म्हणत होती, रडत म्हणत होती, पण रडणं रागाचं होतं. चणे न घेता ती घरी गेली.

घरी येऊन तिने गाठी दाताखाली फोडून बघितल्या. निम्म्याहून जास्त हिरव्या आणि पोकळ. आत दाणाच नाही. जे पिकलं होतं ते कापताना, ओढत नेताना, बांधताना कधीच गळून गेलं होतं. पावसाच्या तोंडावर तिने होतं ते पेरलं, आणि वाफ्यातून एकही कोंब वर आला नाही. त्या दिवसांत बस्त्याव पडवीतच जेवायचा.

पाद्रींनी तिला बोलावून प्रायश्चित्त दिलं, सगळा पावसाळा रोज क्रूसाचा ओटा झाडायचा. मारसू केरसुणी घेऊन जायची आणि देवाला स्पष्ट सांगायची की खोटं मी बोलले, ते तू माफ कर, पण पास्कूला मी माफ करणार न्हाय, तो तुझा माणूस असला तरी. जूनच्या शेवटी एके सकाळी ओट्याच्या दगडांच्या फटींत तिला लाल कोंब दिसले. गळलेलं, पिकलेलं बी. तिने केरसुणी खाली ठेवली आणि एकेक कोंब मोजत ती ओटाभर फिरली.

पास्कूलाही ते दिसले. तो गावभर सांगत सुटला की क्रूसाची भाजी उगवली, हात लावायचा न्हाय. क्रूसाची भाजी, ऐका. बायका येऊन फुलं वाहायला लागल्या. फटीफटीत एकेका गाठीतून तीन तीन कोंब दाटले होते, न काढले तर सगळेच मरतील, आणि काढायला बंदी. मग मारसू झाडून झालं की गुडघे टेकून जपमाळ म्हणायला लागली. एक प्रार्थना म्हणायची, एक कोंब चिमटीत धरून उपटायची. गाव म्हणालं, मारसूला पश्चात्ताप झालाय. ओट्यावर पाणी साचत नव्हतं म्हणून पावसातही रोपं कुजली नाहीत, आणि क्रूसाची म्हणून त्यांचं पान कुणी तोडलं नाही. तिच्या वाफ्यात चिंधीने जी राखण झाली नसती ती इथे फुकट झाली. पण तिला त्याचा आनंद कुठला. रोज कुणीतरी म्हणायचं, देवाने दिली बघ, आणि तिचं डोकं फिरायचं. देवाने दिली तर सात वर्षं डुकरांना कडवट रोपं कुणी घातली?

पुढच्या मे महिन्यात दांडे जागच्या जागी पिकले. शेवटच्या लदीनीला पास्कूने स्वतः बी उतरवलं आणि चण्यांबरोबर वाटलं. प्रत्येकाच्या एका हातात चणे आणि दुसऱ्या हातात चिमूटभर बी. मारसू रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली. पास्कूने तिच्या हातावर चिमूट ठेवली. तिचंच बी, तिच्याच हातावर, त्याच्या हाताने. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो मान खाली घालून टोपली आवरायला लागला.

त्या हिवाळ्यात तारोडीच्या प्रत्येक अंगणात लाल देठ उभे राहिले. आणि नाताळ झाला तसे लोक ते कापायला लागले. कोणतं कापलं असेल? सगळ्यात मोठं, सगळ्यात सुंदर. वाळकं आणि किडकं बियाला ठेवलं. हे असंच चाललं तर दोन सालांत सगळ्या गावात पालकच उरणार, आणि वर क्रूसाला बोल लावणार. मारसूने घरोघरी जाऊन कंठशोष केला. लोकांनी हो हो म्हटलं आणि कोयता घेतला.

चिंध्या पाहिजेत, तिच्या ध्यानात आलं. पण लढाईचा काळ. कापड रेशनवर, जुनेर म्हणून जे होतं ते अंगावर. घरात लाल कापड एकच उरलं होतं, ट्रंकेच्या तळाशी, तिच्या लग्नाचं लुगडं. तिने ते काढलं आणि फाडायला बसली. बस्त्यावने बघितलं. तो पडवीत गेला नाही. कोयती घेऊन आला, तिच्यासमोर बसला आणि चिंध्या सरळ कापायला लागला.

"आता तर सगळ्यांना ठाऊक हाय नवस न्हाय म्हणून," तो हळूच म्हणाला. "कोण ऐकंल?"

"न ऐकणाऱ्याच्या दारात मी बसेन," मारसू म्हणाली.

ती घरोघर फिरली. न विचारता अंगणात शिरायची, सगळी रोपं बघायची, सगळ्यात चांगल्याला चिंधी बांधायची आणि घरच्यांना बजावायची, "हे बियाला. नवस न्हाय. मी सांगते म्हणून." कृष्णाबाईने तर आपणच कुंपणातून हात पुढे केला आणि म्हणाली, "मलापन बांध, नायतर माझा न्हवरा खाईल." लोक कुरकुरले, दोन ठिकाणी भांडण झालं, एका म्हाताऱ्याने तिला घराबाहेर जायला सांगितलं आणि ती चिंधी बांधूनच बाहेर गेली. पण बांधलेली चिंधी कुणी सोडली नाही.

पास्कूचं घर तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथे पोचली तेव्हा तिच्या हातात एकही चिंधी उरली नव्हती. लग्नाचं सगळं लुगडं गावात वाटून झालं होतं. ती तशीच अंगणात शिरली, भांडायच्या तयारीने. चिंधी नसली तर नसली, तोंड होतं.

पास्कू वाफ्यापाशी उकिडवा बसला होता. वाफ्यातलं सगळ्यात उंच, सगळ्यात लाल झाड शाबूत होतं आणि त्याला चिंधी बांधलेली होती. चांगल्या जाड कापडाची, एका कडेला पिवळी किनार असलेली. ती किनार मारसूने वर्षानुवर्षं प्रत्येक मिरवणुकीत बघितली होती. 

मारसू वाकली. "गाठ आवळून मारलीत," ती म्हणाली. "दांडा फुगला की कापला जाईल."

"मग सैल कर. मला काय ठाऊक."

तिने गाठ सोडून सैल बांधली. "झाड बरोबर धरलंत," एवढं म्हणाली आणि निघाली.

त्या साली गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत पास्कू नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढे चालला, लाल झगा घालून. झग्याची मागची कड चांगली हातभर फाटलेली होती आणि ती शिवायचीही त्याने तसदी घेतली नव्हती. बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढे चालणाऱ्या मारसूला ती पूर्ण वाटभर दिसत होती.

"एवढी कशाला फाडायची," ती शेवटी बस्त्यावला रागाने म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते. "बोटभर चिंधी पुरते."